आई, आजी आणि भिंतीवरचा फोटो

विद्यार्थ्यांच्या फिल्ममधली आई सहसा मरते. मरत नसेल तर विसरते. दोन्ही जमण्यासारखं नसेल तर खिडकीशी बसून राहते. गेल्या सहा वर्षांत मी चार वेळा मेले आहे, दोनदा माझी स्मृती गेली आहे, आणि खिडक्यांचा हिशेब मी ठेवलेला नाही. एका फिल्ममध्ये तर मी फक्त भिंतीवरचा फोटो होते. त्या एका फोटोला तीन तास लागले, कारण त्यातला प्रकाश ‘जुना’ हवा होता.

विशी-बाविशीतल्या पोरांना मरणाचं एवढं काय आकर्षण, हे कोडं मला सुटलेलं नाही. दहा मिनिटांच्या फिल्मला शेवट तर हवा, आणि मरण हा हमखास शेवट, एवढंच असेल कदाचित. शिवाय प्रियकर, मित्र, चोर, पोलीस या भूमिका वर्गातली मुलं आपापसांत वाटून घेतात. गाडी अडते ती पांढऱ्या केसांपाशी. पावडर लावून केलेली आजी कॅमेऱ्यात पावडर लावलेलीच दिसते. मग कुणीतरी कुणाला तरी विचारतं आणि हौशी नाटकांत कामं करणाऱ्या माझ्यासारखीला फोन येतो, “ताई, तुमचे केस खरे आहेत ना?”

मोबदला ठरलेला असतो. जेवण, जाण्यायेण्याचा खर्च, श्रेयनामावलीत नाव आणि फिल्मची प्रत. पहिल्या तीन गोष्टी बहुधा मिळतात, नाव कधीकधी भलत्याच आडनावासकट. चौथीचं नंतर सांगते.

नाटकातून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो थांबण्याचा. नाटकात विंगेत उभं राहायचं, एन्ट्री आली की जायचं, दोन-अडीच तासांत घरी. इथं सकाळी सातचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, असते आणि पहिला शॉट साडेअकराला. मधल्या वेळात लाइट लागत असतात. लागलेले लाइट काढले जात असतात. काढलेले पुन्हा तिथंच लागत असतात. चिडून उपयोग नसतो, कारण त्या खोलीतला जवळजवळ प्रत्येकजण आपलं काम आयुष्यात पहिल्यांदा करत असतो. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरणाऱ्या मुलाचे हात तिसऱ्या मिनिटाला थरथरायला लागतात आणि माइकची सावली आपल्या कपाळावर उतरते. क्लॅप देणारी मुलगी इतकी घाबरलेली असते की पाटी फ्रेमच्या बाहेरच वाजवते. सेकंदाला 24 चौकटींपैकी ज्या चौकटीत पाटीच्या दोन फळ्या भेटतात, तिथं आवाजातला ‘टक्’ जुळवायचा असतो. फळ्याच दिसल्या नाहीत तर जुळवणार काय? मग शॉटच्या शेवटी पाटी उलटी धरून पुन्हा वाजवायची. तोवर आपण मेलेलेच असतो. डोळे मिटून, श्वास धरून, कानाशी ती पाटी.

आणि आपण काय असतो? खरं सांगायचं तर प्रयोगशाळेतला बेडूक. एका फिल्ममध्ये मी जीव तोडून रडले. ‘कट’ झाल्यावर सगळे मॉनिटरकडे धावले आणि ‘वा!’ म्हणाले. मी डोळे पुसत, जरा लाजतच पुढे गेले, तर चर्चा चालली होती माझ्या मागच्या भिंतीवर पडलेल्या गजांच्या सावलीची. ती फिल्म प्रकाशयोजनेच्या गुणांची होती. अभिनयाला त्यात शून्य होतं. वाईट म्हणून शून्य नव्हे, तो रकानाच नव्हता.

एकदा मात्र खऱ्या फिल्मवर, सोळा मिलिमीटरवर काम करायचं नशिबी आलं. चारशे फुटांचं रीळ सेकंदाला 24 चौकटींनी सुमारे अकरा मिनिटांत संपतं, आणि त्या मुलांना मिळालं होतं एकच. त्यामुळे दिवसभर तालीम आणि संध्याकाळी टेक. कॅमेरा घरघरायला लागला तशी सगळी खोली श्वास रोखून उभी राहिली. दोन टेकमध्ये सीन झाला. नाटकातल्या पहिल्या प्रयोगासारखं वाटलं, भीतीत सगळे सामील. डिजिटल कॅमेऱ्यानं, मेमरी कार्डावर शूट करताना ती भीती नसते. तिथं “ताई, छान होता, अजून एक, सेफ्टीसाठी” असं असतं. सेफ्टी या शब्दाइतका असुरक्षित शब्द मी सेटवर दुसरा ऐकलेला नाही.

हे सगळं एकत्र आलं ते चष्म्याच्या फिल्ममध्ये.

सीन साधा होता. आजी टेबलाशी येऊन बसते, गोळी घेते, नातू बॅग घेऊन दाराशी उभा आहे, “जातोय” म्हणतो. आजी पाणी पिते, काही बोलत नाही. आजीला चष्मा. दिग्दर्शकानं तो घरून आणला होता, मऊ कापडात गुंडाळून. मी घातला आणि समोरची खोली विरघळली. चांगल्या जाड नंबराचा होता. कॅमेऱ्यावरची मुलगी म्हणाली, काचांत लाइट दिसताहेत, काचा काढून टाकू, नुसती फ्रेम ठेवू. सगळे तसंच करतात. दिग्दर्शक म्हणाला, “काचा काढायच्या नाहीत.” का, तर नाहीत. ती हुशार मुलगी होती. तिनं चष्म्याच्या दांड्या माझ्या कानांवरून बोटभर वर उचलल्या, केसांत दडवल्या; काचा किंचित खाली झुकल्या आणि लाइट गायब झाले. मला दिसायचं ते दिसायचंच नाही.

जमिनीवर माझ्या जागेची टेपची खूण होती म्हणे. मी पावलं मोजून चालले. चार, डावीकडे वळून तीन. दुसऱ्या टेकला मी थेट लाइटच्या स्टँडवर गेले. मग असिस्टंटनं खुणेच्या जागी वाळूची पिशवी ठेवली, पायाला लागली की थांबायचं.

तिथपर्यंत मला वाटत होतं, पोरगा हट्टी आहे. मग त्यानं मला समजावायला घेतलं. “ताई, ती रागावत नसे. गप्प व्हायची.”

“गप्प म्हणजे उदास?”

“नाही. नुसती गप्प. म्हणजे...” एवढं म्हणून तो थांबला आणि बॅटरी बघायला गेला. बॅटऱ्या सांभाळणारा मुलगा त्याच्या शेजारीच उभा होता, चारही बॅटऱ्या हातात घेऊन. काचा का काढायच्या नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

आता पाणी. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन एका दमात घेतात त्यात, मी ‘जातोय’वर ग्लास उचलला, डाव्या हातानं, आणि अर्धा प्याले. एकदा केलं की ते शिलालेख. नंतरच्या प्रत्येक क्लोजला, प्रत्येक सजेशनला, म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेल्या शॉटला, डावा हात, ‘जातोय’, अर्धा ग्लास. कंटिन्युइटीची मुलगी मोबाइलमधले फोटो दाखवून भांडायला तयारच असते, आणि ती बरोबर असते. एकदा फोकस गेला. एकदा नातू ‘जातोय’च्या ऐवजी ‘निघतो’ म्हणाला. एकदा माझाच हात चुकला, उजवा गेला. मग दिग्दर्शक म्हणाला, “थोडं कमी करा.” मी काहीच करत नव्हते, त्यातून कमी केलं. “आता थोडं जास्त, पण आतून.” सतरा टेक झाले. सतरा गुणिले अर्धा, साडेआठ ग्लास पाणी. आतून म्हणाल तर आतून मी काठोकाठ भरले होते.

शेवटी पॅक अपच्या आधी आवाजवाली मुलगी म्हणाली, “रूम टोन घेते, तीस सेकंद कुणी हलू नका.” प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संवाद कापताना मध्ये जी भोकं पडतात ती बुजवायला त्याच खोलीतली शांतता लागते, तीही माणसं आणि सामान जागच्या जागी असताना घेतलेली. मी खुर्चीत होते तशीच राहिले, चष्म्यासकट. वीस माणसांनी श्वास धरला. आणि दहाव्या सेकंदाला माझ्या पोटात हालचाल सुरू झाली.

मी पोट आवळलं. दात आवळले. त्या काचांतून बघून बघून डोळ्यांना पाणी सुटलं होतं, ते पुसायला हात उचलता येत नव्हता. नजर समोरच्या धुक्यात एका ठिपक्यावर खिळवली आणि मनात आकडे मोजत राहिले. सव्विसाव्याला ते व्हायचं ते झालं. लांब, खालून वर जाणारी गुडगुड. सगळे फुटले, रूम टोन पुन्हा घ्यावा लागला. कॅमेरा बंद करायचा राहिला होता, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. मला तर कळायचं कारणच नव्हतं.

पाच महिन्यांनी फिल्म दाखवली. मी माझ्या सतरा टेकची वाट बघत अंधारात बसले होते. त्यातला एक आला, चार सेकंद, तोही नातवाच्या खांद्यावरून. दार लागलं. आणि मग पडदाभर माझा चेहरा. हलत नाही, बोलत नाही, जबडा घट्ट, डोळे भरलेले. वीसेक सेकंद. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

बाहेर आल्यावर अनोळखी माणसं माझा हात हातात घेत होती. त्यांच्या एका शिक्षकांनी विचारलं, “त्या शॉटला मनात काय ठेवलं होतं?” मी अर्थपूर्ण हसले. शंभरेक वर्षांपूर्वी मॉस्कोच्या फिल्मशाळेत शिकवणाऱ्या लेव कुलेशोव्ह यांनी एका नटाचा एकच निर्विकार क्लोज-अप कधी सूपाच्या वाटीला, कधी शवपेटीतल्या मुलीला जोडला, आणि लोकांनी म्हणे त्याच्या भुकेची नि दुःखाची तारीफ केली. हे मी त्या मुलांकडूनच ऐकलं होतं. त्या काळी तिथं कच्च्या फिल्मचा इतका दुष्काळ होता की कुलेशोव्हचे विद्यार्थी फिल्मशिवायच ‘फिल्म’ करत, रंगमंचावर, शॉट पाडून. त्यातल्या नटनट्यांना प्रती मागायचा तरी प्रश्न नसेल. तो मोझ्झुखिन नावाचा नट मोठा नावाजलेला होता, पण त्या शॉटमध्ये तो कशाचा विचार करत होता, हे कुणी त्याला विचारलं असेल असं वाटत नाही.

मला विचारलं. शेवटी, सगळे पांगल्यावर, त्या मुलानं. फुशारकी मारायचा मोह झाला. तुझ्या आजीचा विचार करत होते, असं म्हणता आलं असतं. पोराचा चेहरा तसाच होता. पण मी खरं सांगून टाकलं, साडेआठ ग्लास, सव्विसावा सेकंद, सगळं.

तो आधी हसला. मग म्हणाला, “तिचंही वाजायचं. सगळे गप्प झाले की नेमकं तेव्हा.” थोडं थांबून म्हणाला, “आवाज ठेवलाय मी तो. शॉट संपता संपता. साउंडवाली काढू या म्हणत होती, मी नको म्हटलं.”

हॉलमध्ये मला तो ऐकू आला नव्हता. मी माझ्या चेहऱ्याकडे बघण्यात गुंग होते. आता एकदा नीट कान देऊन ऐकावा म्हणून त्याच्याकडे प्रत मागितली आहे. आधी फायनल मिक्स राहिलं होतं. मग हार्ड डिस्क मित्राकडे होती. आता फिल्म महोत्सवांना पाठवली आहे आणि तिथला निकाल लागेपर्यंत बाहेर देता येत नाही, असं तो म्हणतो. पुढच्या महिन्यात त्याच्या वर्गमैत्रिणीच्या फिल्ममध्ये मी आहे. खिडकी आहे, पण मरायचं नाहीये, असं तिनं आधीच सांगून ठेवलंय.