८ए वर ८ए, तरी बेसूर: कोडं सुटलं

मागच्या अपडेटमधली, डीजे मिक्समध्ये एकत्र लावली की बेसूर लागणारी ती दोन ट्रॅकची जोडी अखेर जुळली! उजळणीपुरतं सांगतो: दोन्ही ट्रॅक ८ए, म्हणजे डीजे वापरतात त्या बारा घरांच्या कॅमेलॉट चाकावर ए मायनर. एक नव्वदीच्या सुरुवातीचं शिकागो हाउस, बारा इंची रेकॉर्डवरून रिप केलेलं, १२४ बीपीएम (मिनिटाला इतके ठोके). दुसरा अलीकडचा डीप हाउस, १२२. बीटग्रिड (ठोक्यांच्या खुणा) पक्की, फ्रेज (संगीताचे टप्पे) ३२ बारला बसवलेली. किक (ड्रमचा ठोका) चालू असेपर्यंत सगळं सुरळीत. ब्रेकडाउनला, म्हणजे ड्रम थांबतात त्या भागात, किक गेली आणि दोन्हीकडचे पॅड (लांब धरलेले सूर) उघडे पडले, की खटकायचंच.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा संशय सॉफ्टवेअरने ट्रॅकची की (सूरपट्टी) चुकीची ओळखल्यावर होता. रास्तच होता. ए मायनर सेव्हनचा स्टॅब (झटक्यात वाजवलेला कॉर्ड) घ्या: ए, सी, ई, जी. सी मेजर सिक्स्थचेही हेच चार सूर, त्यामुळे सॉफ्टवेअर ८ए आणि ८बी (सी मेजर) मध्ये सहज गोंधळतं. पण दोन्ही बेसलाइन कीबोर्डवर वाजवून पाहिल्या, ए मायनरच निघाल्या. शिवाय ८ए आणि ८बी एकत्र आले तरी इतके कडवट लागत नाहीत.

धागा सापडला तो फोनवरच्या तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये. त्यात पट्टी एकेका सेंटने (सेमीटोनचा शंभरावा भाग) वरखाली करता येते. रिपमधला नुसत्या पॅडचा लूप लावला आणि तानपुऱ्याचा सा ए वर धरला. दोन सुरांमध्ये डोल, म्हणजे आवाजाचं लहानमोठं होणं, ऐकू येत होता, सेकंदाला साधारण चार. पट्टी चढवत गेलो तसा तो संथ होत गेला, आणि +३३ सेंटवर सूर मिळाला. डोल पूर्ण थांबला. नव्या ट्रॅकची हीच परीक्षा घेतली: शून्य.

म्हणजे लेबल दोन्ही बरोबर, पण लेबल जवळच्या सुराला चिकटवलेलं असतं. मधल्या ३३ सेंटची नोंद त्या ८ए मध्ये कुठेच नाही. जुन्या हाउसमध्ये हे वारंवार भेटणार. एसपी-१२०० सारख्या सॅम्पलरवर डिस्कोचा लूप टेम्पोत बसवायला वेग वाढवला की सूरही चढायचा, आणि मग बाकीची वाद्यं त्या लूपला मिळवली जायची. त्यात रिप करताना टर्नटेबलचा वेग किंचित जास्त असला तर त्याची आणखी भर.

आता खरी गंमत. मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर बदलू न देणारी सोय) चालू ठेवून १२२ चा ट्रॅक १२४ वर नेला की सूर जागेवर राहतो, म्हणजे ३३ सेंटची दरी तशीच. मास्टर टेम्पो बंद केला तर तोच ट्रॅक वेगाबरोबर २८ सेंट चढतो. उरली दरी ५ सेंटची! लावून पाहिलं. ब्रेकडाउनला दोन्ही पॅड एकमेकांत असे विरघळले की कुठला कुठे संपतो ते कळेना. तो सोळा बारचा पट्टा पुन्हा पुन्हा ऐकतोय.

रिप ऑडॅसिटीत वेग उतरवून ए = ४४० हर्ट्झला आणायची आणि तीच फाइल वापरायची, असा बेत होता. हे लिहितानाच लक्षात आलं की त्याची गरज नाही. मास्टर टेम्पो बंद असेल तर बीटमॅच केलेले (ठोके जुळवलेले) दोन ट्रॅक कुठल्याही वेगाला न्या, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. मग प्रत्येक ट्रॅकला एकच आकडा पुरेल: १२४ वर वाजवला तर तो किती सेंट चढा किंवा उतरा. या भागात एका बीपीएमला साधारण १४ सेंट पडतात, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. रिपचा आकडा +३३, नव्याचा +२८. कॉमेंटच्या रकान्यात हाच लिहायला घेतलाय.

आणि ११७ चा ट्रॅक १२४ वर नेला की तो जवळजवळ नेमका एक सेमीटोन चढतो: ८ए चा ३ए (बी फ्लॅट मायनर) होतो. सात बीपीएम वर, चाकावर सात घरं पुढे (बारानंतर पुन्हा एक). लक्षात ठेवायला इतकं सोपं! ११८ चा मात्र ८६ सेंटवर अडकतो, तो ३ए सोबत लावला तर उतरा लागेल.

गायन असलेल्या ट्रॅकला मास्टर टेम्पो ठेवावाच असं माझं मत आहे, आवाज पातळ झालेला मला सहन होत नाही. नुसत्या वाद्यांच्या ट्रॅकला मात्र बंदच बरा, किकची धार टिकते. मिक्सएक्सएक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये साउंडटच आणि रबरबँड ही मास्टर टेम्पोची दोन्ही इंजिनं ऐकून पाहा. रबरबँड पॅडवर कितीतरी स्वच्छ आहे, लॅपटॉप जरा दमतो एवढंच.

एनर्जी बूस्टवरचं (पट्टी चढवून जोश वाढवणारं मिक्स) लिखाण त्यामुळे पुढे ढकलतोय. त्याआधी १२० च्या खालचे सगळे ट्रॅक नव्या आकड्यांनी लावायचेत. टर्नटेबलवर मिक्स करणाऱ्यांनी जरूर सांगा: किती सेंटपर्यंतची दरी तुम्ही चालवून घेता? माझा कान दहापर्यंत तक्रार करत नाही, पंधराला करतो.