यशावरची रॉक गाणी: वहीत दोन नवे रकाने

संगीतात नाव कमावण्यावर जी रॉक गाणी आहेत, त्यांच्या नोंदींच्या माझ्या वहीत आता दोन रकाने वाढवलेत: गाण्यात बोलतंय कोण, आणि त्या बोलण्याखाली वाजतंय काय. गाण्याचा भाव कोणता, हा जुना रकाना आता सगळ्यात शेवटी भरतो. या क्रमाने ऐकलं की पाठ असलेली गाणीही नव्याने उलगडतात.

सगळ्यात जास्त रमलो ते सिगारवाल्या माणसापाशी. पिंक फ्लॉइडचं 'हॅव अ सिगार' १९७५चं, बॉस्टनचं 'रॉक अँड रोल बँड' १९७६चं. दोन्हींत रेकॉर्ड कंपनीचा माणूस आहे, दोन्हींत सिगार आहे. बॉस्टनच्या गाण्यात तो कॅडिलॅकवाला येतो, बँडची तारीफ करतो, करारावर सही करा म्हणतो. सांगणारे बँडवाले, त्यामुळे तो म्हणजे चालून आलेलं नशीब, आणि गाणं नुसतं उसळत असतं. फ्लॉइडकडे तोच माणूस स्वतः बोलतो. पोरांना गोंजारतो, मोठमोठी स्वप्नं दाखवतो आणि सहज विचारतो, तुमच्यातला पिंक कोण? या नावाचा बँडमध्ये कुणी नाहीच! त्या एका प्रश्नात तो पुरता उघडा पडतो. गाणं लिहिलं बँडमधल्याच रॉजर वॉटर्सने, पण गायलंय रॉय हार्परने, म्हणजे बँडबाहेरच्या माणसाने. मला ही निवड अचूक वाटते. कंपनीवाल्याचा आवाज परकाच हवा. शेवट हेडफोन लावून ऐका: भरदार वाजणारा बँड एकदम लहानशा रेडिओतून आल्यासारखा किरटा होतो.

बॉस्टनचं गाणं पहिल्याच अल्बमवरचं, तर फ्लॉइडचं 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमच्या अफाट यशानंतरचं. मग यशाआधी गोडवा आणि यशानंतर कडवटपणा, असा नियम मांडावा का? तो नियम 'लोडाय' हे गाणं टिकू देत नाही. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडने १९६९ या एका वर्षात तीन अल्बम काढले, आणि त्याच वर्षी बँडच्या जॉन फोगर्टीने या गाण्यात एका फसलेल्या गायकाची कैफियत लिहिली. आडगावात अडकलाय, परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत. शेवटच्या कडव्याला गाण्याची पट्टी चढते. एरवी पट्टी चढली की गाणं जिंकल्यासारखं वाटतं. इथे सूर वर जातो आणि माणूस तिथेच राहतो. दर वेळी गलबलतं.

एसी/डीसीच्या 'इट्स अ लाँग वे टू द टॉप'मध्ये (१९७५) नेमकं उलट. शब्दांत लूटमार, मारहाण, फसवणूक. खाली बॉन स्कॉटची बॅगपाइप आणि गिटार यांची अशी जुगलबंदी की हे सगळं भोगायला आपणही निघावं!

बॉब सीगरच्या 'टर्न द पेज'ची नोंद सर्वांत अवघड गेली. कडव्यांत तो 'तू' म्हणतो, धृपदात 'मी'. थकवा आधी दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून सांगायचा आणि मग कबूल करायचं की हे माझंच आहे. १९७३च्या स्टुडिओ आवृत्तीपेक्षा 'लाइव्ह बुलेट' या मैफलीतल्या अल्बमवरची (१९७६) ऐकावी असं माझं ठाम मत. आल्टो रीडचा सॅक्सोफोन, समोर खरी गर्दी, आणि त्या गर्दीपुढे एकटेपणाचे शब्द.

आता बर्ड्स या बँडचं १९६७चं 'सो यू वाँट टू बी अ रॉक अँड रोल स्टार' उघडलंय. रॉकस्टार कसं व्हायचं याची कृती सांगावी तशा सूचना आहेत, सगळ्या 'तू'ला उद्देशून. त्यातल्या किंकाळ्या मात्र बँडच्याच १९६५च्या इंग्लंड दौऱ्यातल्या, म्हणजे टोमणा मारायलाही स्वतःचंच यश वापरलंय. भावाच्या रकान्यात काय लिहायचं, ते अजून ठरत नाही.

'तो' म्हणून सांगितलेली गाणी वहीत फार कमी आहेत. बॅड कंपनी या बँडचं 'शूटिंग स्टार' (१९७५) आहे, आणि त्यातला जॉनी शेवटी मरतो. 'तो' जिवंत आणि खूश असलेलं गाणं कुणाला माहीत असेल तर सांगा, पुढची पानं त्यासाठीच कोरी ठेवलीत.