मेल गेला, पण पोचला का?

नाशिकमधल्या आमच्या छोट्या फर्मचा मूळ धंदा वेबसाइट बनवून देण्याचा. मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर मेल टाकला की तो सगळ्या सभासदांना जाण्याची सोय, ही वेबसाइटसोबत फुकट द्यायची गोष्ट होती. माजी विद्यार्थ्यांचं मंडळ असो, डॉक्टरांची संघटना असो की ट्रेकिंगवाल्यांचा गट, सर्व्हरवर मेलमॅन (लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) बसवायचा, पत्ते भरायचे आणि विसरून जायचं. आज मात्र आमच्या कमाईतला मोठा वाटा याच फुकटच्या गोष्टीतून येतो, कारण ती चालू ठेवणं अवघड होऊन बसलं.

सुरुवात झाली एप्रिल २०१४ मध्ये. याहूने आपल्या डोमेनचं (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचं) डीमार्क धोरण, म्हणजे खोट्या मेलचं काय करायचं ही इतर सर्व्हरना दिलेली सूचना, ‘रिजेक्ट’ केलं. याहूच्या नावाने आलेला मेल पडताळणीत बसला नाही, तर तो सरळ नाकारा, असा त्याचा अर्थ. चोरीला गेलेले पत्ते वापरून खोटे मेल फिरत होते, त्यामुळे निर्णयात गैर काही नव्हतं. पण मेलिंग लिस्टचं कामच तोतयासारखं दिसतं. वर नाव सभासदाचं आणि पाठवणारा सर्व्हर आमचा. मेलमॅन विषयाच्या आधी लिस्टचं नाव घालतो, खाली तळटीप जोडतो, की मूळ डीकेआयएम सही, म्हणजे मेल वाटेत बदललेला नाही याची डिजिटल खूण, मोडली. एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची तपासणी, पास व्हायचं, पण आमच्या डोमेनच्या नावाने. डीमार्कला ते ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळलेलं हवं असतं.

पुढचा प्रकार तर अजबच. याहूवाल्याने मेल टाकला की जीमेलवाल्यांकडून तो परत यायचा. मेलमॅन त्या परतीची नोंद जीमेलवाल्यांच्याच खात्यावर करायचा, दिवसाला एक गुण. मूळ सेटिंगप्रमाणे पाच गुण झाले की सभासदाचे मेल बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्यांनी एक ओळही लिहिली नव्हती, त्यांचे फोन यायला लागले, “अहो, आम्हाला काढून का टाकलंत?”

मेलमॅनच्या २.१.१८ आवृत्तीत यावर उपाय आला. ‘फ्रॉम’मध्ये लिस्टचा पत्ता घालायचा आणि लिहिणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. मेल पोचायला लागले, पण लिहिणाऱ्याच्या नावापुढे आता ‘व्हाया’ आणि लिस्टचं नाव दिसायचं. डॉक्टरांच्या संघटनेतले एक ज्येष्ठ डॉक्टर बिथरले. “माझ्या नावापुढे हे ‘व्हाया’ काय लावलंय तुम्ही?” त्यांना समजावणं हे सेटिंग बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळाचं काम होतं, आणि या धंद्यात खरे पैसे त्याचेच घ्यायला हवेत असं माझं मत आहे.

तेव्हापासून “मेल स्पॅममध्ये जातात” असा फोन आला की आम्ही आधी परत आलेला बाउन्स, म्हणजे मेल पोचला नसल्याची सर्व्हरची सूचना, जसाच्या तसा मागवतो. स्क्रीनशॉट नको, पूर्ण मजकूर हवा. त्यात कोड ४ ने सुरू होत असेल तर नकार नाही, “थोड्या वेळाने या” एवढंच. ग्रेलिस्टिंगमध्ये (अनोळखी सर्व्हरला आधी मुद्दाम थांबवण्याच्या पद्धतीत) हेच होतं, तिथे पाठवणारा सर्व्हर स्वतःच पुन्हा जातो. ५ ने सुरू होत असेल तर दार बंद, आणि कारण बहुधा शेजारीच लिहिलेलं असतं. मेल पोचून स्पॅममध्ये पडला असेल तर हेडर (मेलसोबत येणारी त्याच्या प्रवासाची नोंद) मागवायचे. कधी आयपीची रिव्हर्स डीएनएस नोंद (सर्व्हरच्या क्रमांकावरून त्याचं नाव सांगणारी) नसते, कधी एकाच डोमेनवर दोन एसपीएफ नोंदी सापडतात, जुन्या वेबसाइटवाल्याची एक, नव्याची एक. एसपीएफला जास्तीत जास्त दहा डीएनएस शोध, म्हणजे डोमेनच्या नोंदी बघायला मारलेल्या फेऱ्या, चालतात. प्रत्येक नव्या सेवेचं ‘इन्क्लूड’ (तिचे सर्व्हरही आपले धरा, अशी सूचना) चिकटवत गेलं की कधीतरी अकरावा येतो आणि सगळी नोंदच बाद ठरते.

पण सर्वांत चिवट दुखणं जुन्या पत्त्यांचं. मेलेले पत्ते काढा म्हटलं की सेक्रेटरीसाहेबांना सभासदसंख्या घटल्यासारखी वाटते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल जात असतील तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही हवेत, जाहिरातवजा मेलला एका क्लिकमध्ये ‘अनसबस्क्राइब’ची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली. आमचे बहुतेक ग्राहक ५,०००च्या आसपासही नाहीत, तरी आम्ही सगळ्यांना हे करून दिलं. ‘अनसबस्क्राइब’ची लिंक लपवायची इच्छा बऱ्याच जणांना असते. ती ज्याला सापडत नाही तो ‘स्पॅम’चं बटण दाबतो, आणि ते जास्त महागात पडतं.

विकतची यादी घेऊन येणाऱ्याला आम्ही हात जोडतो. निवडणुका आल्या की अशी विचारणा हमखास होते.

सध्या डॉक्टरांच्या संघटनेचं डीमार्क ‘नन’वरून (काही करू नका) ‘क्वारंटाइन’वर (संशयित मेल स्पॅममध्ये टाका) नेतोय. डीमार्कच्या अहवालांत (संघटनेच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवतात याची माहिती) एक अनोळखी सर्व्हर सारखा दिसत होता. तो त्यांच्या वर्गणीच्या पावत्या पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा निघाला. त्याला डीकेआयएम लावून झालं की पुढची पायरी.