वोल्डगेटचा रस्ता

लीड्सहून सुटलेली लोकल थोड्याच वेळात सॉल्टेअरला पोचली. फलाटावर उतरताच सॉल्ट्स मिलची लांबलचक दगडी भिंत समोर उभी राहिली. टायटस सॉल्ट या कारखानदाराने बांधलेली ही लोकरीची गिरणी १८५३ साली सुरू झाली आणि १९८६ साली बंद पडली. दुसऱ्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली आणि तिथे आपल्या मित्राच्या, म्हणजे इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांच्या चित्रांचे दालन उघडले. त्या चित्रांसाठीच मी उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरला आलो होतो.

हॉकनी यांचा जन्म १९३७ साली जवळच्याच ब्रॅडफर्डमध्ये झाला. ब्रॅडफर्डच्या कलाशाळेत शिकत असताना, १९५५ साली, त्यांनी रंगवलेले वडिलांचे चित्र पुढे लीड्समधल्या एका प्रदर्शनात १० पौंडांना विकले गेले. सक्तीची लष्करी सेवा त्यांनी विवेकाला पटत नाही म्हणून नाकारली आणि त्याऐवजी रुग्णालयात काम केले. १९५९ साली ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला गेले. जलतरण तलावांच्या ज्या चित्रांमुळे जगाने त्यांना ओळखले, ती तिथलीच. त्यांपैकी ‘अ बिगर स्प्लॅश’ (१९६७) या चित्रात कुणीतरी नुकतीच उडी मारली आहे आणि पाणी उसळले आहे. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विरून जाणारे ते पाणी रंगवायला हॉकनी यांना सुमारे दोन आठवडे लागले. पाहण्यासाठी लागणारा हा धीर हेच मला त्यांच्या कलेचे मर्म वाटते आणि त्याची खरी कसोटी कॅलिफोर्नियात नव्हे, तर यॉर्कशायरमध्ये लागली असे माझे मत आहे.

ते इथे परतले तेही एका दुःखाच्या निमित्ताने. १९९७ साली सिल्व्हर कर्करोगाने आजारी होते. हॉकनी तेव्हा ब्रिडलिंग्टन या समुद्रकाठच्या गावी आईपाशी राहत आणि मित्राला भेटण्यासाठी वोल्ड्स टेकड्यांमधून मोटारीने वेदरबीला जात. हा मुलूख तुम्ही रंगवाच, असा सिल्व्हर यांचा आग्रह होता. त्या येण्याजाण्यातून ‘द रोड अक्रॉस द वोल्ड्स’ हे चित्र जन्माला आले. सिल्व्हर त्याच वर्षी गेले. पुढे हॉकनी ब्रिडलिंग्टनलाच मुक्काम करून ऋतूंमागून ऋतू तेच रस्ते आणि तीच झाडे रंगवत राहिले. २००७ मधले ‘बिगर ट्रीज निअर वॉर्टर’ ५० कॅनव्हास जोडून केलेले असून सुमारे १२ मीटर रुंद आहे. ते त्यांनी पुढच्या वर्षी टेट संग्रहालयाला भेट म्हणून दिले.

गिरणीच्या वरच्या मजल्यावर २०११ मधली आयपॅडवर काढलेली, ब्रिडलिंग्टनजवळच्या वोल्डगेट या रस्त्याची चित्रे आहेत. प्रत्येकाच्या नावात त्या त्या दिवसाची तारीख आहे. जवळ जाऊन पाहिले तर ओढलेल्या रेघा आणि ठिपके स्पष्ट दिसतात. चार पावले मागे सरकले की त्यांचेच ओले गवत होते, डबक्यात पडणाऱ्या पावसाचे थेंब होतात. जानेवारीतल्या उघड्या फांद्यांपासून वसंतातल्या गर्द हिरव्यापर्यंत चालत जाण्यात माझा तासभर गेला. एका चित्रातला पांढरा बहर मात्र मला फारच भडक, अगदी थापल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी हल शहरामार्गे ब्रिडलिंग्टनला जाऊन मी वोल्डगेट गाठले. हा जुना रोमन रस्ता आजही अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपे आहेत. मे महिना होता आणि हॉथॉर्न हे काटेरी झुडूप फुलले होते. फुले इतकी दाट होती की पाने शोधावी लागत होती, आणि त्यांच्या वजनाने फांद्या रस्त्याकडे वाकल्या होत्या. मी एक फांदी हातात धरून पाहिली. आदल्या दिवशी मला भडक वाटलेला तो पांढरा रंग तसाच्या तसा तिथे होता, आणि त्याच्या सावलीत फिकट हिरवा आणि किंचित गुलाबीही होता. चित्रातले हे दोन रंग मी पाहिलेच नव्हते. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून चालून आलेला तोच रस्ता मी उलट दिशेने पुन्हा एकदा, अधिक सावकाश चाललो.