जिबरेलिन म्हणजे बाबांचं जीए

मी बॉटनीची बीएस्सी, शिवाजी विद्यापीठाची, आणि गेली सहा वर्षं तासगावात अकरावी-बारावीला बायो शिकवते. घरातलीच पुढची खोली, एका बॅचला दहा-बारा पोरं, जास्त घेतच नाही. पालकांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम पाठांतर करून घेता ना? नीटच्या 720 पैकी 360 मार्क बायोचे, त्यामुळे त्यांची काळजी मला कळते, पण बायो म्हणजे नुसतं पाठांतर हे मला अजिबात मान्य नाही.

मी स्वतः दहावीपर्यंत मराठी मिडियमला. पेशी, केंद्रक, तंतुकणिका, परासरण, सगळं चांगलं समजलेलं होतं. अकरावीला सायन्स घेतलं आणि सगळं एकदम इंग्लिशमध्ये, सर मायटोकॉन्ड्रिया मायटोकॉन्ड्रिया म्हणत राहिले, मी वहीत ते देवनागरीत उतरवून घेत राहिले, आणि ही आपली तंतुकणिकाच आहे हे मला कळलं कधी, तर दिवाळीच्या सुट्टीत दहावीचं जुनं पुस्तक चाळताना. तोपर्यंत युनिट टेस्ट होऊन गेलेली, 25 पैकी 7. मला जे येत होतं ते आपल्याला येतच नाही असं धरून मी चार महिने रडले होते, ते मी विसरलेले नाही.

म्हणून माझ्याकडे नवीन पोरगं आलं की पहिले पंधरा दिवस पुस्तक बंद. वहीत एका बाजूला मराठी शब्द, शेजारी इंग्लिश, आणि मध्ये आकृती, ती आपल्या हातानं काढायची. ऑस्मॉसिसला, म्हणजे परासरणाला, बेदाणे घेते, तासगावात त्याला काय तोटा, रात्री पाण्यात टाकले की सकाळी टम्म फुगतात, मग तेच साखरेच्या घट्ट पाकात टाकायचे आणि आकसताना बघायचे. कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ते पण तेच. हृदयाच्या धड्याला खाटकाकडून बोकडाचं हृदय आणते (काळीज मागू नका, लिव्हर देतात). मधोमध चिरून दोन्ही बाजूंच्या भिंती बोटानं दाबून बघायला लावते, डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत जाडजूड, उजवीची पातळ. का? तर उजवीला रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंतच ढकलायचंय, डावीला थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. एकदा बोटाला कळलं की परत विचारावं लागत नाही.

गेल्या वर्षी बारावीचा एक पोरगा चार दिवस आलाच नाही, विचारलं तर म्हणाला, घरी डिपिंग होतं मॅडम. त्याच आठवड्यात प्लँट हार्मोन्स चालू होते आणि त्याला जिबरेलिन हे नाव काही केल्या लक्षात राहत नव्हतं. म्हटलं, द्राक्षाचे घड कशात बुडवले? जीएमध्ये. जीए म्हणजे काय? औषध आहे मॅडम, पावडर असते, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवायची मग पाण्यात. अरे, तेच जिबरेलिक ॲसिड! मग त्याला जपानची गोष्ट सांगितली, भाताची रोपं रोगानं नुसतीच उंच वाढायची आणि आडवी पडायची, कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञानं 1926 मध्ये दाखवलं की ती बुरशीतून निघणाऱ्या पदार्थाची करामत आहे, आणि त्या बुरशीचं नाव जिबरेला. बॅचमधली निम्मी पोरं बागायतदारांची, सगळे सावरून बसले. शेंडा खुडला की बगलफुटी का येतात हे पण त्याच दिवशी निघालं, शेंड्यातलं ऑक्झिन हे हार्मोन बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, दाबून ठेवतं म्हणून, तो धडा मला वेगळा घ्यावाच लागला नाही.

मग मी विचारलं, झाड जिबरेलिन स्वतः बनवतं, तर मग आपल्या द्राक्षाला ते वरून का द्यावं लागतं? बराच वेळ कोणी बोललं नाही. तो डिपिंगवालाच हळूच म्हणाला, थॉमसनला बी नसते म्हणून का? बरोबर, मणी फुगवणारं जिबरेलिन मुख्यतः बियांतून येतं, आणि आपली थॉमसन काय, तास-ए-गणेश काय, सगळ्या जाती सीडलेसच. हे उत्तर मी त्याला दिलं नव्हतं, पुस्तकातही त्या धड्यात नाही.

त्यानं घरी जाऊन बाबांशी भांडून ज्या ओळी बुडवायच्या राहिल्या होत्या तिथला एक घड तसाच सोडायला लावला, सुतळी बांधून खूण केली. फेब्रुवारीत दोन घड पिशवीत घालून आणले, एक बुडवलेला, एक न बुडवलेला. दुसऱ्याचे मणी बारीक, दाटीनं एकमेकांवर दबलेले. आम्ही ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्या दिवशी बॅच सव्वा तास उशिरा सुटली.