अपग्रेडचा बॉक्स आणलाय? मग आधी फॉरमॅट नको

विंडोज ७ चा अपग्रेड बॉक्स, म्हणजे जुनं विंडोज आधीच घेतलेल्यांसाठीचा, पूर्ण बॉक्सपेक्षा स्वस्त पडायचा, म्हणून सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या एका अडत्यांनी, अण्णांनी, तोच घेतला. हळदीचे सौदे तोंडावर आलेले. कुणीतरी पोरानं येऊन डिस्क कोरी केली, डीव्हीडीवरून ७ टाकलं. सगळं झकास चाललं, पण ॲक्टिव्हेट करताना एरर: ०एक्ससी००४एफ०६१. म्हणजे बॉक्समधली ही 'प्रॉडक्ट की' (ॲक्टिव्हेशनचा कोड) कोऱ्या डिस्कला चालणार नाही.

"पावती हाय की माझ्याकडं!" अण्णा तापलेले. त्यांचं खरंच होतं. कॅबिनेटच्या बगलेला जुन्या विंडोज एक्सपीचं अस्सल लायसन्स स्टिकर होतं, हळदीच्या धुरळ्यानं पार पिवळं झालेलं. ओलं फडकं फिरवलं तेव्हा कुठं अक्षरं दिसली. अपग्रेडचा हक्क मिळतो तो या स्टिकरच्या जोरावर. पण सेटअपला स्टिकर कुठलं दिसायला? तो डिस्कवर जुनं विंडोज शोधतो. एक्सपीच्या काळात सेटअप जुनी सीडी ड्राइव्हमध्ये घालायला सांगायचा, ती बघितली की पुढं सरकायचा. मला तीच पद्धत पटायची. २००७ ला एक्सपीनंतरचं विंडोज व्हिस्टा आलं आणि ती गेली.

त्यात एक्सपीवरून ७ वर थेट अपग्रेड होतच नाही, नव्यानंच बसवावं लागतं. म्हणून चालू एक्सपीतूनच डीव्हीडीचा सेटअप सुरू करायचा आणि 'कस्टम' निवडायचं. जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड फोल्डरमध्ये जातं. बॅकअप तरीही घ्याच. हवं ते काढून घेतलं की डिस्क क्लीनअपनं तो फोल्डर उडवायचा.

इथं एक्सपी आधीच गेलेलं, मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, शिरलो. करंटव्हर्जन, सेटअप, ओओबीई. तिथं मीडियाबूटइन्स्टॉलची किंमत १ असते, ती ० केली. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ॲक्टिव्हेशन नव्यानं सुरू करणारी 'एसएलएमजीआर स्लॅश रीआर्म' ही कमांड दिली, रीस्टार्ट केलं, तीच की पुन्हा टाकली. घेतली! जुनं लायसन्स नसताना हे केलं तर मशीन चालेल, पण ते लायसन्स नव्हे.

डॉट मॅट्रिक्सवर एक पट्टी छापून बघितली. अण्णा खूश. म्हणाले, "आता हे मशीन पोराला घरी देतो. कॅबिनेट लई गंजलंय, तेवढं भंगारात घालूया."

म्हटलं, "अण्णा, स्टिकर त्याच्यावरच आहे."