शंभर डोसांची बाटली आणि आमची वाटचाल

आम्ही महिनाभराची पिल्लं विकतो. घाटावरच्या हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आणायची, मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या कौलारू शेडमध्ये, बल्बच्या उबेत चार-पाच आठवडे सांभाळायची आणि परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्यांना द्यायची, एवढाच आमचा व्यवसाय. कुडाळ तालुक्यात आमच्या गावाच्या आसपास आता लोक आम्हाला ओळखतात. धंदा टिकला त्याचं निम्मं श्रेय वाडीवाडीतल्या बायकांचं. ते कसं, हे सांगायचं तर एका बाटलीची गोष्ट सांगावी लागेल. पण आधी सुरुवात.

घरचं पशुखाद्याचं दुकान होतं. पेंड, भरडा, कणी न्यायला येणाऱ्या बायका हटकून विचारायच्या, "वयनी, गिरिराजाची पिल्लां खंय मेळतीत?" गिरिराजा ही परसात पाळायची सुधारित जात. पण तिचं एक दिवसाचं पिल्लू घरी नेलं तर ते जगवणं कठीण. पहिल्या आठवड्यात त्याला पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणजे मधला महिना कुणीतरी अंगावर घ्यायला हवा होता. तो आम्ही घेतला. मुद्रा कर्ज काढलं, मांगराची कौलं बदलली, मुंगूस शिरू नये म्हणून खालून चिरे आणि वरून बारीक जाळी मारली. कर्जाच्या खेपांची कहाणी सगळ्यांची सारखीच असते, ती इथे नको. पहिल्या पुरवठादाराने मरेक्स या रोगाची लस टोचल्याचं तोंडी सांगितलं, चिठ्ठी मात्र दिली नाही, आणि खोक्यातली पिल्लं करूळ घाट उतरेपर्यंतच माना टाकू लागली होती. त्याला आम्ही लवकरच रामराम केला. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी पेटवायची, पिल्लं एका कोपऱ्यात दाटीने चढायला लागली की त्यांना थंडी वाजतेय आणि भिंतीकडे पांगली की उकडतंय, हे सगळं हळूहळू हाताखालचं झालं.

खरी अडचण पिल्लू आमच्या दारातून बाहेर पडल्यावर सुरू व्हायची.

कोकणातल्या खुराड्याचा मोठा वैरी म्हणजे मानमोडी, म्हणजेच रानीखेत. कोंबडी पंख पाडून उभी राहते, हिरवट हगते, चोच उघडी टाकून श्वास घेते, मग मान फिरते. त्याला औषध नाही. लस आहे, आणि ती महागही नाही. आमच्याकडे पिल्लांना सातव्या दिवसाच्या आत लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या पहिल्या लसीचा, थेंब डोळ्यात पडतो, पिल्लं दोन आठवड्यांची झाली की गंबोरो या दुसऱ्या रोगाच्या लसीचा, चौथ्या आठवड्यात परत लासोटा. पण हे संरक्षण जन्मभर पुरत नाही. आठ ते दहा आठवड्यांचं झालं की कातडीखाली आरटूबीची, म्हणजे मानमोडीचीच पुढची लस टोचावी लागते, आणि तोवर पिल्लू आमचं राहिलेलं नसतं. ती लस चुकली आणि वाडीत मानमोडी शिरली, की तीन-चार महिन्यांचं, आता अंड्यावर येईल म्हणून सांभाळलेलं तलंग डोळ्यांदेखत जातं. दोष कुणाचा? "तुमची पिल्लां मेली." लोक आमच्याच नावाने बोलणार, आणि ते साहजिक आहे.

मग लोक लस का टोचत नाहीत? आळस म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण लसीची बाटली एकदा हातात घेऊन बघावी. बोटाएवढ्या काचेच्या कुपीत तळाशी कोरडी वडी असते आणि विरघळवण्याचं पाणी वेगळ्या बाटलीत. शंभर कोंबड्यांची लस, दर कोंबडीला अर्धा मिली, म्हणजे पन्नास मिली पाणी. एकदा कालवली की बर्फावर ठेवायची आणि तास-दोन तासांत संपवायची. उरली तर फुकट, उद्या तिचा उपयोग नाही. आणि आमच्याकडे शंभर कोंबड्या कुणाच्या परसात असतात? काकीकडे आठ, वरच्या घरी बारा, देवळाजवळ फार तर वीस. आठ कोंबड्यांसाठी बाटली फोडून ब्याण्णव डोस ओतून टाकायला कुठल्या कोकणी बाईचा हात धजावेल? आमच्यात करवंटीसुद्धा कुणी फुकट टाकत नाही.

यावर तोड काढली ती आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनी. हप्ते जमा करायच्या बैठकीत एकीने कोंबड्या मोजायला सुरुवात केली. ह्या घरच्या नऊ, त्या घरच्या चौदा, असं करत बाटली भरली. ठरलं असं की सगळ्यांनी आदल्या संध्याकाळी खुराडी नेहमीसारखी लावायची आणि सकाळी कुणी उघडायची नाहीत. उजाडता उजाडता तिघीजणी खालच्या टोकापासून निघणार. एक पकडणार, एक टोचणार, एक वहीत मांडणार. पैसे कोंबडीमागे, घरामागे नाहीत. टोचायला शिकवलं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांनी, आणि आमच्या सुदैवाने गटातली एक जण 'उमेद' या सरकारी ग्रामीण अभियानाची पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं शिकलेली गावातलीच बाई, होती, तिचा हात आधीच बसलेला. लस बऱ्याचदा दवाखान्यातूनच मिळायची, नाही मिळाली तर आम्ही दुकानाच्या फ्रिजमध्ये आणून ठेवायचो.

बर्फाचा प्रश्न मासेवालीने सोडवला. मालवणहून येणाऱ्या तिच्या खोक्यातला बर्फ आम्ही पिशवीत बांधून थर्मासमध्ये भरायचो. त्या थर्मासला अजून बांगड्याचा वास येतो, पण लस थंड राहते.

अशी सकाळ एका वाडीत झाली की शेजारची वाडी विचारते. काही घरं आडमुठी असतात. "आमची गावठी कोंबडी, तिका काय जाता?" असं म्हणणारे एक-दोघे सगळीकडे भेटतात. त्यांच्याशी वाद घालत बसण्यात अर्थ नाही. त्यांच्या सुनांशी बोलावं, खुराड्याची किल्ली तिथेच असते.

ह्या सकाळींमधून आम्हाला जे शिकायला मिळालं ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नसतं. कारण बायका लस टोचता टोचता एकमेकींच्या कोंबड्या बघतात. कुणाची कोंबडी अंगावरचं पीस ओढतेय, कुणाच्या पिलांचं शेपूट माखलंय, हे परक्या डोळ्याला आधी दिसतं. एकीच्या कोंबड्या कातडी अंडी घालत होत्या. दुसरीने सांगितलं, तिसऱ्या खाऊन झाल्या की त्यांच्या शिंपल्या टाकतेस कशाला? उखळात कुटून घाल. कुटल्या, घातल्या, आणि कवच भरलं. त्यात काही जादू नाही, शिंपला म्हणजे चुनाच. उलट एका घरी पिलं सारखी पाणी पिऊन पातळ हगून मरत होती. सगळ्यांच्या डोक्यात मानमोडी. पशुसखीने भांड्यात बघितलं तर खारवलेल्या माशाचा चुरा. मीठ पिल्लाला सोसत नाही. साधी वाळवलेली सुकट चालते, खारवलेली नाही, हे तेव्हापासून आम्ही पिल्लं देतानाच बजावतो.

सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट भातकापणीच्या दिवसांतली. एका घरच्या कोंबड्या रात्रीत आडव्या झाल्या. संध्याकाळी चरून आलेल्या धडधाकट कोंबड्या सकाळी कडक. ती बाई रडत दुकानात आली, उरलेल्या दोन विकून टाकते म्हणाली. तिच्या शेजारची म्हातारी आमच्याबरोबर बघायला आली. तिने आधी स्वतःचं खुराडं बघितलं, मग हे. दोन्हींच्या मध्ये नुसती वईची, म्हणजे कुंपणाची, काटकी. म्हणाली, "ह्यो रोग नाय गो. पोटात काय गेलाहा ता आदी बघ." तिचं गणित सरळ होतं. रोग असता तर वई ओलांडून तिच्या कोंबड्यांत आला असता, आणि एका रात्रीत सगळं संपलं नसतं. मेलेल्या कोंबडीच्या गळ्यातली पिशवी काळपट दाण्यांनी भरलेली निघाली. खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उंदरांसाठी विषारी दाणे टाकले होते. भांडण झालं, ते व्हायचंच. पण त्यानंतर आमच्या वाडीत उंदराचं औषध टाकायच्या आदल्या दिवशी घरोघर सांगितलं जातं आणि त्या दिवशी कोंबड्या कोंडून ठेवतात.

घरगुती उपायांना मी नाक मुरडत नाही. कोंबड्यांना देवी येतात, त्यांच्या खपल्यांना हळद-तेल लावतात, लावू दे. देवी डासांमुळे पसरतात, खपल्या आपोआप दोन-चार आठवड्यांत गळतात, तोवर जखमेवर माशी बसली नाही म्हणजे झालं. चुलीची राख मातीत मिसळून दिली तर कोंबड्या त्यात लोळून उवा-पिसवा झाडतात, हे आमच्या आजीपासून चालत आलंय. लसणीच्या पाण्याने मानमोडी बरी होते असं कुणी म्हणालं की मात्र मी गप्प बसत नाही.

एक गोष्ट नाजूक आहे, पण लिहिते. राखणीचा, जत्रेचा, गाऱ्हाण्याचा, म्हणजे देवाला द्यायचा कोंबडा बाजारातून येतो आणि मान पुरा होईपर्यंत दोन-चार दिवस घरच्या खुराड्यात राहतो. मानमोडी आमच्याकडे बहुतेक वेळा त्याच्याच पायाने आलेली आहे. आठवडा बाजारात विकायला आणलेल्या कोंबड्यांत आजारी घरातून घाईने काढलेल्याही असतात. देवाच्या कोंबड्याला आता आमच्याकडच्या बायका डालग्याखाली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात, त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं. गावच्या मानकऱ्यांनी यावर आक्षेप घेतला नाही, ही मोठी गोष्ट.

२०२१ हे वर्ष आम्हाला जड गेलं. जानेवारीत दापोलीतल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. आमच्यापासून ते लांब, तरी पिल्लांची नोंदणी एकदम थांबली. तेव्हा बायकांनी एक शिस्त लावून घेतली. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या किंवा कावळे मेलेले दिसले तर हात लावायचा नाही, विकायचं नाही, दवाखान्यात कळवायचं. कुणी घाबरून लपवलं नाही, कारण लपवलेलं शेजारणीला दिसणारच होतं. मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. झाडं वायरींवर पडली, वीज कितीतरी दिवस नव्हती. फ्रिजमधली लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी, ती गेली. सगळी फेकली. कुणी म्हणालं, थोडीच गरम झाली, वापरू या. नाही वापरली. बिघडलेली लस टोचलेली वाडी निश्चिंत राहते, आणि ते न टोचलेल्यापेक्षा वाईट.

पावसात आम्ही पिल्लं देत नाही. मृग लागला की मांगर रिकामा करून चुना मारतो. तीन हजार मिलिमीटर पावसात पिल्लांखाली अंथरलेला भाताचा तूस कोरडा राहत नाही, आणि ओल्या तुसात पिल्लांना रक्ती हगवण लागते. औषधं आहेत, डॉक्टर देतात, पण ओल तशीच राहिली तर हगवण परत येते. ह्या चार महिन्यांची कमाई बुडते. गौरीच्या तिखट्या नैवेद्याला कोंबड्यांचा भाव चढतो तेव्हा आमच्याकडे विकायला काही नसतं, हे आमच्या यजमानांना अजून पटत नाही. दुकानावर घर चालतं.

नोंदणी दसऱ्यानंतर सुरू होते. आम्ही आता नाव घरावर घेत नाही, वाडीवर घेतो. एका वाडीच्या पिल्लांचं वय एक, म्हणून त्यांची आरटूबीची सकाळही एक. ती तारीख पिल्लं देतानाच वहीत लिहिली जाते. त्याच दिवशी वाडीतल्या जुन्या कोंबड्याही टोचून घ्याव्यात. त्या दोन-तीन दिवस मलूल राहतील, अंडी कमी देतील, घाबरू नये. आजारी दिसणारी कोंबडी मात्र टोचायची नाही. पिल्लं न्यायला सकाळी लवकर यावं, खोक्याला चारी बाजूंनी भोकं पाडलेली असावीत, आणि गाडीत त्याच खेपेला बाजारातला कोंबडा घेतलेला नसावा.